अंगणाला चिरा, पायवाटेला काळा दगड: गुहागर तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

घर गुहागर तालुक्यातलं, समुद्रापासून थोडं आत, उतारावरचं. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे ओटी आणि मागे पडवी. घरात सत्तरी ओलांडलेले काका-काकू असतात. मुलगा डोंबिवलीला नोकरीला. गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात बायको-मुलांना घेऊन येतो. काम दोन जागांचं होतं. एक घरापुढचं अंगण, घराच्या लांबीने 30 फूट आणि पुढे 24 फूट. दुसरी वरच्या रस्त्यापासून अंगणात उतरणारी पायवाट, साधारण 90 फूट लांब, 4 फूट रुंद. रस्ता अंगणापेक्षा 11 फूट उंचावर आहे.

अंगण पूर्वी सारवलेलं असे. पावसाने धुपलं की दिवाळीआधी माती घालायची, चोपायची, शेणाने सारवायचं. सारवणाऱ्यांची वयं झाली तेव्हा घरच्यांनी सिमेंटचा कोबा घालून घेतला. त्या कोब्याला बाहेरच्या बाजूला ढाळच काढलेला नव्हता. पाणी जोत्याशी साचू लागलं आणि ओटीच्या भिंतीचा खालचा थर बाराही महिने दमट राहू लागला. शिवाय कोबा घोटून गुळगुळीत केलेला, त्यामुळे जुलै उजाडला की त्यावर शेवाळ. काकू त्यावरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यानंतर कोबा काढायचा हे ठरलं. त्या जागी काय घालायचं यावर मात्र बाप-लेकाचं एकमत होत नव्हतं, म्हणून मला सल्ल्यासाठी बोलावलं.

मुलाला वीट हवी होती. लाल विटा तिरप्या, एकमेकींत अडकवून मांडलेल्या, मधे हिरवळ, असे फोटो त्याने मोबाइलमध्ये जमवून ठेवले होते. काकांचं म्हणणं एका वाक्याचं: "आपल्या मुलखात दगड असताना मातीत पैसे कशाला घालायचे?" काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "काहीही घाला, पण मला चपला न घालता चालता आलं पाहिजे आणि आमसुलं वाळत टाकता आली पाहिजेत." माझ्या दृष्टीने सगळ्या चर्चेतलं हे सर्वांत कामाचं वाक्य होतं. कारण वीट की दगड हा प्रश्न घेऊन बसलं तर उत्तर आवडीनिवडीवर जातं. त्या जागेवर पाणी कुठून येतं, कुठे जातं, तिथे कोण चालतं आणि अनवाणी चालतं का, एवढं आधी विचारलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

विटेची परीक्षा

फोटोतल्या विटा मी नीट पाहिल्या. त्या युरोपातल्या रस्त्यांवरच्या विटा होत्या. तिकडे फरसबंदीची वीट इतक्या उष्णतेला भाजतात की मातीचे कण वितळून एकमेकांना चिकटतात. ती पाणी फारसं पितच नाही. आपल्याकडे बांधकामासाठी येणारी वीट ही भिंतीत, गिलाव्याच्या आड राहायची वस्तू. रंग सारखा असला तरी माल वेगळा. मुलाला हे तोंडी सांगून पटलं नसतं, म्हणून ओटीवरच प्रयोग केला. दोन-तीन ठिकाणच्या विटा मागवल्या. त्या कडक उन्हात चांगल्या वाळवल्या, काट्यावर वजन केलं, चोवीस तास बादलीत बुडवल्या, पुसून पुन्हा वजन केलं. जवळच्या भट्टीच्या विटेचं कोरडं वजन 2 किलो 850 ग्रॅम होतं, भिजल्यावर ते 3 किलो 450 ग्रॅम झालं. म्हणजे विटेने आपल्या वजनाच्या 21 टक्के पाणी पोटात घेतलं. साध्या बांधकामाच्या विटेसाठी भारतीय मानक 1077 मध्ये ही मर्यादा 20 टक्के आहे, आणि तीसुद्धा भिंतीच्या विटेची. घाटावरून आलेली वीट बरी निघाली, 14 टक्क्यांच्या आसपास.

थंड देशांत विटेच्या पोटात शिरलेलं पाणी गोठतं आणि वीट फोडतं, म्हणून तिकडे या आकड्याची एवढी काळजी. कोकणात गोठण्याची भीती नाही, पण चार महिने वीट कोरडीच होत नाही. सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात झाडांची सावली. ओली वीट मऊ पडते, कोपरे झिजतात, पायाखाली लाल चिखलाचा थर येतो आणि त्यावर शेवाळ धरतं. दगडाचे आणि विटेचे नमुने आम्ही विहिरीच्या रहाटाशी, सतत पाणी सांडतं तिथे, ठेवून दिले होते. सगळ्यांत आधी हिरवी झाली ती वीट, घाटावरचीसुद्धा.

विटेवर मी अन्याय करू इच्छित नाही. गंगेच्या खोऱ्यात आणि बंगालात मैलोन्मैल दगड मिळत नाही, तिथे गावोगावच्या गल्ल्या कडेवर उभ्या केलेल्या विटांनी बांधलेल्या आहेत आणि त्यांवरून बैलगाड्या गेल्या आहेत. देशावर, कमी पावसाच्या भागात, चांगल्या भाजलेल्या विटेचं अंगण मी स्वतः सुचवतो. भट्टीत आगीला लागून असलेल्या, काळपट पडलेल्या खंगर विटा तर पाणी फारच कमी पितात. वाकड्यातिकड्या असल्यामुळे भिंतीला कुणी घेत नाही, पण बागेतल्या वाटेला त्या उत्तम. इथे मात्र अडचण पावसाची होती आणि संख्येचीही. नऊ-चार-तीन इंची वीट आडवी टाकली तर चौरस फुटाला चार लागतात, पण आडवी वीट पायाखाली तुटते. कडेवर उभी केली तर सव्वापाचच्या वर. 720 चौरस फुटांना सुमारे 3,800 विटा, त्याही घाट उतरून आणायच्या. चिऱ्याची, म्हणजे कापून काढलेल्या जांभा दगडाची, खाण घरापासून हाकेच्या अंतरावर नसली, तरी तालुक्यातच होती.

चिरा कसा पारखायचा

काकांच्या 'दगड' या शब्दात चिरा, काळा दगड, शहाबादी आणि कडप्पा सगळंच येत होतं. त्यातल्या शहाबादी आणि कडप्प्याचा विचार लवकर सोडला. दोन्ही चुनखडीच्या जातीचे. थरांचे असल्यामुळे उघड्यावर काही लाद्यांचे पापुद्रे सुटतात, पायाने घासून गुळगुळीत होतात आणि आंबट पदार्थाचा डाग कायमचा बसतो. ज्या अंगणात कोकमं फोडायची, आमसुलं वाळवायची, तिथे चुनखडीची फरशी घालणं म्हणजे दरवर्षी नवे डाग पाडून घेणं. शेवाळ घालवायला लोक सर्रास ऍसिड ओततात, त्यानेही चुनखडी खाल्ली जाते. सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकबद्दल इतकंच सांगेन की गाडी उभी करायची असती तर मी तेच घ्यायला सांगितलं असतं.

राहिले चिरा आणि काळा दगड. चिरा पाणी पितो, हे खोटं नाही. घराच्या भिंतीसाठीच्या चिऱ्याला मानकात 12 टक्क्यांपर्यंत पाणी पिण्याची मुभा आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चचा बाहेरचा चुन्याचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकला, तेव्हापासून उघडा पडलेला जांभा पावसाने झिजतो आहे आणि गिलावा परत करावा का यावर आजही वाद आहे. पण भिंत आणि अंगण यांत फरक आहे. भिंतीच्या चिऱ्यावर वरचा भार असतो, तो झिजला तर इमारतीला धोका. अंगणातला चिरा झिजला तर तो उचलून त्या जागी दुसरा ठेवता येतो, आणि त्याचं छिद्रांनी भरलेलं, खरखरीत अंग ओल्या पायाला धरून ठेवतं. पाणी पिण्याचा गुण जांभ्यात आणि विटेत सारखा दिसला, तरी पायाला लागणारा फरक फार मोठा आहे.

मात्र सगळा चिरा एक नसतो. खाणीत वरचा थर लोखंडाच्या अंशाने कडक, गडद रंगाचा असतो. जसजसं खाली जावं तसतसा दगड मऊ, फिका, आणि शेवटी नुसती पांढरट माती. खाणीतून निघतो तेव्हा चिरा त्यामानाने मऊ असतो, म्हणून तर तो पात्याने कापता येतो. हवेवर राहिला की कडक होतो. म्हणून आम्ही दिवाळीनंतर लगेच चिरे निवडून बाजूला काढायला सांगितले आणि घडीव काम उन्हाळ्यात लावलं. निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज येतो का. बद्द आवाज आला की तो बाजूला. छिद्रं मोकळी आहेत की त्यांत पिवळी-पांढरी माती भरलेली आहे. माती असेल तर पहिल्या पावसात ती वाहून जाते आणि दगड पोखरल्यासारखा होतो. तिसरं, खिळ्याने ओरखडा काढून पाहायचा. खाणवाल्याला हा चोखंदळपणा आवडत नाही, कारण भिंतीच्या मालाला इतकं कुणी पारखत नाही. थोडा जास्त दर कबूल केला, तेव्हा तो तयार झाला.

काळ्या दगडाला या सगळ्या परीक्षा लागत नाहीत. सह्याद्रीचा हा घट्ट दगड पाणी जवळजवळ पीतच नाही, झिजतही नाही. मग अंगणालाही तोच का नको? एप्रिलमध्ये, भर दुपारी, आम्ही चारही नमुने अंगणात मांडले होते. काकूंनी एकेकावर अनवाणी पाय ठेवून पाहिला. विटेवर आणि चिऱ्यावर त्या उभ्या राहिल्या. काळ्या दगडावर पाय टेकला आणि लगेच उचलला. गडद रंग ऊन शोषतो आणि घट्ट दगड ती उष्णता संध्याकाळपर्यंत धरून ठेवतो. तुळशीला पाणी घालायला, वाळवण परतायला दिवसातून कितीतरी वेळा अनवाणी उतरणाऱ्या माणसासाठी ते अंगण निरुपयोगी झालं असतं. पायवाटेवर मात्र माणूस चप्पल घालूनच येतो, आणि तिथे झाडांची सावलीही आहे.

अंगणाचा प्रश्न तिथेच सुटला. मुलगा अजून विटेवर अडून होता, आणि त्याची हौस मोडायची मला इच्छा नव्हती. मागची पडवी, 12 बाय 10 फुटांची, पुरती छपराखाली आहे. तिथे पावसाचा थेंब येत नाही. मी म्हटलं, "वीट तिथे घाला. तिथे ती तुमच्या मुलांनासुद्धा पुरेल." कडेवर उभ्या केल्या तरी साडेसहाशे विटांत काम होणार होतं. घाटावरचाच माल घेऊन ते झालं.

खाली काय घातलं

लोक वरच्या थरावर महिनाभर चर्चा करतात आणि खालचं काम गवंड्यावर सोडतात. अंगण बसतं, खचतं, पाणी धरतं ते खालच्या कामामुळे. इथे जुना कोबा फोडून त्याचेच तुकडे सोलिंगला, म्हणजे तळाच्या थराला, वापरले, वर मुरूम टाकून पाणी मारून धुम्मस केलं, म्हणजे ठोकून घट्ट बसवलं, त्यावर दोन इंच खडीची कच, म्हणजे बारीक चुरा. सिमेंटचा थर मुद्दाम टाळला. चिऱ्यांच्या मधल्या दर्जा, म्हणजे सांधे, त्याही कचेनेच भरल्या. पाणी त्यांतून मुरतं, जमिनीत जातं. जांभ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे पठारावरच्या, विहिरी मे महिन्यात तळ गाठतात, तेव्हा अंगणात पडलेलं पाणी गटारात घालवण्यात शहाणपण नाही. चिरा सव्वा फूट लांब, पाऊण फूट रुंद, सात इंच जाड. पसरट बाजू वर करून ठेवला की एक जवळपास चौरस फूट जागा घेतो आणि वजन तीस-पस्तीस किलो. असा दगड पावसाने हलत नाही. बाजारात जांभ्याच्या पातळ लाद्या मिळतात, त्या भिंतीवर चिकटवायला ठीक. अंगणाला घेऊ नयेत, पायाखाली तडकतात. मोडतोड धरून साडेसातशेच्या आसपास चिरे लागले. अंगणाच्या तिन्ही कडांना चिरे उभे पुरून कड बांधली, नाहीतर कच उताराकडे निघून जाते.

ढाळ घराकडून बाहेर, चार फुटांना एक इंच. 24 फुटांत सहा इंच. गवंडी म्हणाला, "काका, इतका ढाळ दिसायला बरा दिसणार नाही." दिसायला तो दिसत नाहीच, आणि खरखरीत चिऱ्यावरून पाणी सरकायला तेवढा लागतोच. जोत्याशी अंगण जुन्या कोब्यापेक्षा खाली घेतलं, म्हणजे भिंतीचा खालचा थर मोकळा झाला.

एक जागा अशी होती की तिथे चिराही नको आणि वीटही नको: पागोळ्यांची रेघ. कौलांवरून धार एकाच ओळीत, वर्षानुवर्षं, त्याच ठिकाणी पडते आणि जांभ्यालाही खड्डे पाडते. वर त्या धारेचे शिंतोडे भिंतीवर उडतात. तिथे दोन फूट रुंदीचा पट्टा सोडून त्यात काळ्या दगडाचे गोटे भरले आणि खालून पाणी टोकाला नेलं. गोट्यांवर धार फुटते, शिंतोडे कमी उडतात. ओटीची भिंत कोरडी होण्यात मला वाटतं ढाळाइतकाच या पट्ट्याचा वाटा आहे.

पायवाट

पायवाटेवर आजोबांच्या काळची चिऱ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, होती. प्रत्येक पायरीचा मधला भाग पावलांनी खोलगट झालेला आणि त्यात पाणी साचायचं. इथे सगळं घर एकाच ओळीत पाऊल टाकतं, शिवाय वरच्या रस्त्याचं पाणी याच वाटेने उतरतं. म्हणून काळा दगड, आणि तोही टाकी मारलेला, म्हणजे छिन्नीने ठोकून खरखरीत केलेला. करवतीने कापलेला दगड तसाच घातला तर तो ओला असताना कोब्यापेक्षा बरा नसतो. टाकीने पडलेले बारीक खळगे पावलाला धरतात. दगड घडवून घाटावरून आला, टाकी मारणारे पाथरवट इथेच येऊन बसले.

पायऱ्यांची मापं मी काकूंच्या चालीवरून घेतली. त्यांचा डावा गुडघा दुखतो. चढताना त्या उजवा पाय आधी टाकतात. पायरीची लांबी भलतीसलती असली की एकदा उजवा, एकदा डावा असा पाय वर जातो आणि दुखऱ्या गुडघ्यावर भार येतो. त्यांचं एक पाऊल सव्वा फुटाचं. म्हणून पायरी अडीच फुटांची ठेवली: दोन पावलांत एक पायरी, दर वेळी तोच पाय वर. उंची साडेपाच इंच, आणि पाणी थांबू नये म्हणून पायरीला पुढे अर्धा इंच ढाळ. अशा 22 पायऱ्यांत 11 फूट उतरून झाले. त्यांनी 55 फूट घेतले, उरलेल्या 35 फुटांचे तीन सपाट टप्पे केले, एका टप्प्यावर बसायला कट्टा. वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला उघडं गटार, त्यात वरचं पाणी. मृग लागायच्या आत सगळं आटोपलं.

खर्चाचं सांगायचं तर पायवाटेचं क्षेत्रफळ अंगणाच्या निम्मं, पण खर्च अंगणापेक्षा पुष्कळ जास्त. घडाई आणि वाहतूक यांतच पैसे गेले. काकांनी मधे एकदा पायवाटेलाही चिराच घालू या म्हणून हात आखडता घेतला होता. मी त्यांना जुन्या पाखाडीच्या खोलगट पायऱ्या दाखवल्या आणि विषय संपला.

एका पावसाळ्यानंतर

गणपतीनंतर जाऊन पाहिलं. ओटीची भिंत खालपर्यंत कोरडी. अंगणात पाणी कुठेही थांबलं नव्हतं. नळाची पाइप जिथून गेली आहे तिथे तीन चिरे बोटभर खचले होते. ते पहारीने उचलून, खाली कच घालून, अर्ध्या दिवसात बसवले. कोब्यात हे झालं असतं तर फोडूनच काढावं लागलं असतं.

फणसाखालच्या कोपऱ्यात चिऱ्यावर शेवाळ आलं होतं. येणारच. फणसाच्या दोन खालच्या फांद्या उतरवायला सांगितल्या आणि पावसाने उघडीप दिली की तारेच्या ब्रशने कोरडं घासून वर थोडी ब्लीचिंग पावडर टाकायची. ऍसिड नाही, आणि जोराच्या फवाऱ्याचं यंत्रही नाही, कारण त्या फवाऱ्याने दर्जांतली कच उडून जाते. तुळशीवृंदावनाभोवती रोज पाणी पडतं, तिथेही हा उपाय लागेल. पायवाटेवर पालापाचोळा कुजू न देणं एवढंच काम आहे.

पडवीतल्या विटांवर डिसेंबरमध्ये पांढरी पूड आली, म्हणून मुलाचा घाबरून फोन आला. तो लोणा. विटेतले आणि जोडणीच्या मसाल्यातले क्षार सुकताना वर येतात. पाण्याने धुतलं तर क्षार पुन्हा विरघळून आत जातात आणि पुन्हा वर येतात. सुक्या झाडूने झाडून टाकायचे, दोन-तीन हिवाळ्यांत कमी होत जातात. पडवीत आता दुपारी सगळ्यांच्या चटया तिथेच पडतात.

दर मे महिन्यात अंगणाच्या दर्जा तपासून कच भरायची आहे. गोठ्यामागे पंचवीस चिरे आणि पन्नास विटा झाकून ठेवायला सांगितल्या आहेत. खाणीचा थर बदलला की चिऱ्याचा रंग बदलतो, आणि चार वर्षांनी त्याच खाणीत तसाच माल मिळेल याची खात्री खाणवालाही देत नाही.